काकू, नियम असेल तर दाखवा

मा. निबंधक, सहकारी संस्था,
गोवा राज्य, पणजी

महोदय,

रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या न्हाणीतल्या टॉवेलांना सिगारेटचा वास यायला लागतो. घरात कोणी ओढत नाही. न्हाणीची खिडकी डक्टमध्ये उघडते. त्या चिंचोळ्या पोकळीतून सगळ्या मजल्यांचे पाइप जातात, आणि खालच्या मजल्यावर कोणी शिलगावली की धूरही तिथूनच वर चढतो. आम्ही स्वयंपाकघरातला पंखा लावला की घरातली हवा बाहेर जाते आणि तिची जागा भरायला डक्टमधली हवा आत येते. म्हणजे मासळीचा वास घालवायला जावे तर शेजाऱ्याचा धूर घरात! माझ्या आईला दमा आहे. आता रात्रीची भाजी आम्ही संध्याकाळीच परतून ठेवतो आणि पंप तिच्या उशाशी असतो.

मी चोपड्याची. पूल नव्हता तेव्हा शिवोलीला जायला फेरीबोट होती, आणि माझे वडील फेरीची वाट बघत धक्क्यावर विडी ओढायचे. घरी असले तर बलकांवात. धूर सरळ माडांच्या भाटात जायचा. कोणाची तक्रार नसे, आजीचे बोलणे सोडून. तेव्हा ओढणारे कमी होते असे मी म्हणणार नाही. घरे जमिनीवर होती, एवढेच. आता पुलाच्या दोन्ही अंगांना, पुढे मोरजीपर्यंत, माणसे एकावर एक राहतात. निम्मे फ्लॅट सुट्टीपुरते भाड्याने जातात, आणि आलेला पाहुणा सोमवारी निघूनही जातो.

खालचा मुलगा पुण्याचा आहे, घरून काम करतो. मी गेले तेव्हा त्याने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "काकू, मी माझ्याच घरात ओढतो. नियम असेल तर दाखवा, पाळतो." तो उद्धटपणे बोलला नाही, म्हणून तर मी अडचणीत आले. सेक्रेटरींकडे गेले, तर ते म्हणाले, उपविधीत असे काही नाही, तुम्ही लिहून द्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नारळाची करटी ठेवलेली असते, थोटकांनी भरलेली. ती कोणाची, हे विचारायचा अधिकारही नेमका कोणाला आहे, ते ठरलेले नाही.

गोव्याला हे शोभत नाही. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा आपण १९९७ सालीच केला, देशाच्या कायद्याच्या आधी, त्यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्यांची खटपट होती. मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ मध्ये आला, केंद्राचा कायदा २००३ मध्ये, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी कचेऱ्या, हॉटेले, मॉल यांच्यापर्यंत हात पोचवला. दंड दोनशे रुपयांपर्यंत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण गोव्यात ९.७ टक्के निघाले, देशात सर्वांत कमी. एवढे सगळे करून आपण अडलो कुठे, तर सोसायटीच्या जिन्यावर. 'जनतेला प्रवेश असलेली जागा' म्हणजे सार्वजनिक, असे कायदा म्हणतो. आमच्या जिन्यावर पोदेर येतो, पोस्टमन येतो, गॅसवाला येतो. ही जनता नव्हे तर कोण? पण हा वाद तिथल्या तिथे कोण सोडवणार? वॉचमन?

अमेरिकेच्या सरकारी गृहसंकुलांत जुलै २०१८ अखेरपासून घरातही ओढता येत नाही, आणि इमारतीपासून पंचवीस फुटांच्या आतही नाही. सिंगापूरने २०१३ मध्ये निवासी इमारतींचे सामायिक व्हरांड्यांत आणि जिन्यांवर धूम्रपान बंद केले, घरांना हात लावला नाही. मला सिंगापूरची वाट बरी वाटते. लोकांच्या घरात डोकावणारी सोसायटी मला नको. आमच्याकडे डोकावण्याचे दुसरे प्रकार पुष्कळ आहेत.

उपविधीतली दुरुस्ती तुमच्या कार्यालयात नोंदल्याशिवाय चालत नाही. म्हणून मागणी तुमच्याकडे. गृहनिर्माण आणि मेंटेनन्स सोसायट्यांसाठी एक नमुना कलम काढा: जिना, लिफ्ट, पार्किंग, गच्ची आणि डक्टकडे उघडणाऱ्या खिडक्या इथे धूम्रपान नाही, तक्रार आली तर समितीने किती दिवसांत उत्तर द्यायचे, आणि भाड्याने देणाऱ्या मालकाने हे करारात घालायचे, कारण सोमवारी जाणाऱ्या पाहुण्याला गाठणार कसे? ओढणाऱ्यांसाठी आवारात, खिडक्यांपासून लांब, एक बाक आणि वाळूची बादली ठेवायची. माझे वडील असते तर तिथे बसले असते.

आमची वार्षिक सभा सप्टेंबरात आहे. कलम त्याआधी आले तर एक प्रत मी स्वतः खाली नेऊन देईन. त्या मुलाने मागितली आहे.

आपली,
चोपडे, पेडणे येथील एक सदनिकाधारक