सर्पगंधेची कसोटी

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात लालबाग-शिवडीच्या रुग्णांप्रमाणेच दूर कोकणातून आलेले रुग्णही असतात. याच रुग्णालयातील एक हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि परदेशांतील वैद्यकविश्वाचे लक्ष एका भारतीय झुडपाकडे वेधले गेले. ते झुडूप म्हणजे सर्पगंधा.

सर्पगंधा हे रानातील मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे जेमतेम दोन-अडीच फुटांचे झुडूप. तांबड्या देठांवर पांढरी-गुलाबी फुले येतात, पण तिचे सारे सामर्थ्य मुळांत असते. निद्रानाश आणि उन्माद यांवर वैद्य ही मुळे देत. उत्तरेकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. शास्त्रज्ञांनी मात्र सोळाव्या शतकातील रौवोल्फ या जर्मन वैद्याचे नाव तिला दिले. पिढ्यान्पिढ्या तिला ओळखणाऱ्या वैदूंपैकी एकाचेही नाव तिला मिळाले नाही.

या मुळांनी रक्तदाब उतरतो, हे १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या वैद्यकीय संशोधकांनी लिहिले होते. डॉ. वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना मुळांच्या गोळ्या देऊन औषधापूर्वीचा व औषधानंतरचा रक्तदाब मोजला, आणि बरे-वाईट जे आढळले ते आकड्यांनिशी मांडले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे त्या मुळांतून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली, रक्तवाहिन्यांना आकुंचित करणारी रसायने रेसर्पिनमुळे कमी होतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणतो, ‘आपल्या पूर्वजांना सारेच ठाऊक होते!’ असे म्हणणाऱ्याने त्याच रस्त्यावरील हाफकिन संस्थेकडेही पाहावे. सर्पगंधा साप चावल्यावर गुणकारी आहे, अशीही जुनी समजूत होती. तिच्या नावातच ती दिसते. ती समजूत कसोटीला उतरली नाही. सर्पदंशावरचा खरा उपाय घोड्यांच्या रक्तापासून बनविलेल्या लसीने दिला, आणि ती लस हाफकिनमध्ये तयार होत असे. एकाच झाडाविषयीच्या दोन समजुती, त्यांपैकी एक खरी ठरली व दुसरी खोटी. मोजून पाहिल्यावाचून हे कसे कळणार? झाडपाल्याला नुसता अडाणीपणा म्हणून हसणारेही तितकेच चुकतात. हसण्यावारी नेले असते तर डॉ. वकील यांच्या हाती काहीच लागले नसते.

‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ असे सांगून दादरच्या पदपथावर मुळ्या विकणारा विक्रेता तर अधिकच धोक्याचा. रेसर्पिनने नाक चोंदते आणि मात्रा वाढली तर मन अत्यंत खिन्न होते, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. म्हणूनच आज अधिक सुरक्षित औषधे हाती असल्याने ते क्वचितच दिले जाते. धोतरा आणि कण्हेरसुद्धा वनस्पतीच आहेत!

मात्र या कीर्तीची खरी किंमत सर्पगंधेनेच मोजली. तुळशीची पाने खुडली तरी तुळस पुन्हा फुटते. येथे मूळच हवे असते, म्हणून झुडूप समूळ उपटावे लागते. परदेशांतून मागणी येताच रानेच्या राने धुंडाळली गेली. अखेर सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले, आणि आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आहे. शेतात सर्पगंधा लावता येते. पण मुळे पोसण्यास दीड-दोन वर्षे थांबावे लागते, आणि रानातले झुडूप उपटण्यास एक क्षण पुरतो.