पहिलेपणाचे बिरुद

थोर स्त्रियांची चरित्रे लिहिण्याची एक सोपी रीत अलीकडे रूढ झाली आहे. नावापुढे 'पहिली' हे विशेषण लावावे, जन्मसाल व पदवी नमूद करावी, दोन गौरवाचे शब्द लिहावे आणि लेखणी खाली ठेवावी. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत असे परिच्छेद आम्ही पुष्कळ वाचले आहेत. ते छापील पुस्तकांतूनच तेथे येतात. युनिस हंटन कार्टर या बाईंच्या वाट्यास हेच आले आहे. न्यू यॉर्क राज्यातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री सरकारी वकील, इतके म्हटले की त्यांच्याविषयी सांगण्याजोगे सारे संपले, अशी समजूत दिसते. आमचा या रीतीवर आक्षेप आहे. दरवाजा प्रथम कोणासाठी उघडला एवढेच 'पहिली' या शब्दाने कळते, आणि त्यात स्तुती होते ती बहुधा दरवाजा उघडणाऱ्याची. आत गेल्यावर त्या बाईंनी काय केले, आणि त्याचे श्रेय कोणी घेतले, हे विचारण्याचे मग कारणच उरत नाही.

कार्टरबाईंचा जन्म १८९९ साली अटलांटा येथे झाला. १९०६ साली त्या शहरात गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्यानंतर हंटन कुटुंब ब्रुकलिनला येऊन राहिले. आई ॲडी हंटन स्वतः नामांकित कार्यकर्त्या असून पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या सेवेस गेल्या होत्या. मुलीने १९२१ साली स्मिथ कॉलेजातून बी. ए. व एम. ए. या दोन्ही पदव्या एकदमच मिळविल्या, समाजसेवेचे काम केले, संसार मांडला, आणि तिशी उलटल्यावर, १९३२ साली, फोर्डम विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. १९३४ साली रिपब्लिकन पक्षातर्फे राज्याच्या विधिमंडळासाठी उभ्या राहून त्या पराभूत झाल्या. पुढल्या वर्षी हार्लेममध्ये दंगल उसळली, तेव्हा मेयर ला गार्डिया यांनी नेमलेल्या चौकशी समितीच्या त्या चिटणीस झाल्या. त्याच वर्षी संघटित गुन्हेगारीचा बीमोड करण्यासाठी थॉमस ड्यूई यांची खास सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली व त्यांनी वीस साहाय्यक निवडले. एकोणीस गोरे पुरुष, आणि विसाव्या कार्टरबाई.

ड्यूईंची दृष्टी मोठ्या सावजांवर होती. कुंटणखान्यांविषयी नागरिकांच्या तक्रारी येत, त्या त्यांस क्षुल्लक वाटत. नीतिरक्षक म्हणून मिरविण्याची त्यांस हौस नव्हती. इतरांनी नाक मुरडलेले हे काम कार्टरबाईंच्या टेबलावर आले. स्त्रियांच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात पूर्वी काम केले असल्यामुळे एक गोष्ट त्यांच्या मनात सलत होती. शहराच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या रात्री वेश्या पकडून आणल्या जात. पण त्यांचा वकील बहुधा तोच, जामीनदार तेच, आणि हकीकतही साच्यातून काढल्यासारखी: आपण परगावच्या, त्या घरी सहज मैत्रिणीस भेटावयास आलो होतो. मॅजिस्ट्रेटसाहेबांचे समाधान होई व आरोपी सुटे. एकेक कागद सुटा पाहणाऱ्यास यात काहीच वावगे दिसत नव्हते. बाईंनी ते सर्व शेजारी शेजारी मांडले, तेव्हा ध्यानात आले की हा धंदा शेकडो सुट्या हातांत उरला नसून कोणीतरी तो एका मुठीत घेतला आहे. बायका आठवड्यास ठराविक रक्कम भरीत. त्याबद्दल अटक झाल्यास जामीन व वकील मिळे. आणि या अजब विम्याचे हप्ते वर कोठेतरी जात. मरे गुर्फाइन या सहकाऱ्याच्या जोडीने त्यांनी हे ड्यूईंच्या गळी उतरविले. १ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री शहरभर एकाच वेळी छापे पडले, सुमारे शंभर स्त्रिया ताब्यात आल्या, आणि त्यांच्या जबान्यांतून धागा लकी लुचियानो या टोळीनायकापर्यंत पोहोचला. ७ जून रोजी तो ६२ आरोपांवर दोषी ठरला. शिक्षा झाली तीस ते पन्नास वर्षांची.

या खटल्यात साक्षीदार तपासण्यास मात्र कार्टरबाई उभ्या राहिल्या नाहीत. ते काम ड्यूई व इतर पुरुषांनी केले. पुढच्याच वर्षी या प्रकरणावर बेतलेला 'मार्क्ड वूमन' हा बोलपट निघाला. त्यात हम्फ्री बोगार्टने रंगविलेला तडफदार सरकारी वकील आहे. कागद मांडणारी बाई नाही.

कोणी म्हणेल, कागद चाळणे हे कारकुनाचे काम. खटला जिंकला जातो तो न्यायालयात. ठीक आहे, पण तो कोणावर भरावयाचा हे ठरल्यानंतरच ना? तोच वकील, तेच जामीनदार पोलिसांस रोज दिसत होते, मॅजिस्ट्रेटांस दिसत होते. बेरीज कोणी केली नाही, कारण त्या बायका बेरीज करण्याजोग्या कोणास वाटल्याच नाहीत. कार्टरबाईंस वाटल्या, याचे मूळ त्यांच्या वर्णात किंवा स्त्रीत्वात शोधू लागणे म्हणजे पुन्हा तीच बिरुदाची वाट धरणे होय. आमच्या मते कारण साधे आहे. दिलेले काम त्यांनी क्षुल्लक मानले नाही, आणि त्यांची बुद्धी तीक्ष्ण होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पकडलेल्या बायकांस साक्षीदार म्हणून भरमसाट जामिनाखाली अडकवून ठेवले होते, आणि त्यांतल्या काहींनी १९३७ साली आपल्या साक्षी फिरविल्या. वरिष्ठ न्यायालयाने १९३८ साली शिक्षा कायम केली हे खरे; तरी पण दुबळ्या बायकांस हत्यार म्हणून वापरले, हा ठपका त्याने धुऊन निघत नाही. आम्हीही तो धुऊ इच्छीत नाही. कार्टरबाईंस खरोखर मोठे मानावयाचे असेल, तर ही नोंदही त्यांच्या खात्यावर मांडली पाहिजे. केवळ 'पहिली' असणाऱ्या व्यक्तीस कसलाच हिशेब द्यावा लागत नाही, आणि ही सवलत म्हणजेच तिचा अपमान आहे.

पुढे ड्यूई मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी झाले, राज्याचे गव्हर्नर झाले, १९४४ व १९४८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. कार्टरबाई त्यांच्या कचेरीत किरकोळ गुन्ह्यांच्या शाखेच्या प्रमुख झाल्या, आणि १९४५ साली खासगी वकिलीकडे वळल्या. कृष्णवर्णीय मतदारांत ड्यूईंसाठी त्यांनी निष्ठेने प्रचार केला होता. न्यायासनाची त्यांस आकांक्षा होती. परंतु १९३९ सालीच ला गार्डियांनी जेन बोलिन यांस देशातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश नेमले होते. आणि 'पहिली'चा मान एकदा देऊन झाला म्हणजे दुसरीची निकड कोणास भासावी? त्यांचे बंधू अल्फियस हंटन हे कम्युनिस्ट होते व १९५१ साली त्यांस तुरुंगवास घडला. भावाची ही मते बहिणीस भोवली असावीत, असे नातू स्टीफन कार्टर यांनी २०१८ साली लिहिलेल्या आजीच्या चरित्रात सुचविले आहे. ते असंभाव्य नाही. भावाच्या मतांबद्दल बहिणीस वगळावे, हा न्याय मात्र अजब म्हटला पाहिजे, विशेषतः त्याच गव्हर्नरांचे औदार्य दुसरीकडे पाहिले म्हणजे. १९४६ च्या जानेवारीत ड्यूईंनी लुचियानोची उरलेली शिक्षा माफ केली. महायुद्धात तुरुंगातून त्याने सरकारास साहाय्य केले, असे कारण दाखविले. फेब्रुवारीत तो इटलीच्या जहाजावर चढला. कार्टरबाई तेव्हा न्यू यॉर्कातच आपली वकिली चालवीत होत्या. १९७० साली त्या वारल्या. तोवर न्यायासन त्यांस मिळाले नव्हते.