एका सेमिस्टरसाठी परदेशी

पिंपळे सौदागरहून एका भगिनीने विचारलं आहे: मुलगी ग्राफिक डिझाइन आणि चित्रांकन शिकते. कॉलेजतर्फे एक सेमिस्टर युरोपात जाता येईल. पाठवावं का?

पाठवा. पण आधी कॉलेजचा करार वाचा. असा करार असला की तिकडची फी सहसा लागत नाही, इथली मात्र भरावीच लागते. तिथले कोणते विषय इथे धरले जातील, हे लेखी घ्या. तोंडी शब्दावर विसंबलात तर सेमिस्टर वाया जायचं. खरा खर्च खोली, जेवण, विमा आणि विमानाचा. युरोपच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेत भारतीय विद्यार्थ्यांनाही शिष्यवृत्ती मिळू शकते. कॉलेज त्यात आहे का, विचारा.

हलाल जेवणाची काळजी रास्त आहे. स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह निवडा, निम्मा प्रश्न मिटतो.

चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच शिष्यवृत्तीवर मुंबईहून पॅरिसला गेले, ते साठ वर्षांनी कायमचे परतले. तुमची लेक सहा महिन्यांत येईल!

९० दिवसांहून जास्त राहायचं तर पर्यटक व्हिसा चालत नाही. पासपोर्ट नसेल तर अर्ज आत्ताच करा.