"ऑटोमॅटिक? ती काय गाडी झाली?"

रायपूरला बदली झाली तेव्हा एका कोर्समेटने सांगितलं होतं, "मराठी ऐकायची असेल तर बुढापाऱ्यात जा." गेलो. बुढा तलाव, जवळच गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा, मग अरुंद गल्ल्या, आणि त्यातल्या एका जुन्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली कॉन्टेसा. आजचा लेख त्या गाडीबद्दल आहे आणि जरा भांडणाचा आहे.

गाडीचे मालक ऑनररी कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. डावा पाय गुडघ्याखाली नाही, सुरुंगात गेला. कृत्रिम पायावर ते रोज तलावाला फेरी मारतात. पण क्लच दाबताना पायाखाली पेडल आहे की नुसता पत्रा, हे त्या पायाला कळत नाही. गाडीचं इंजिन थकलंय, म्हणून नातू आणि त्याचे मित्र ते बदलायला निघालेत. कॅप्टनसाहेबांची एकच अट होती : गिअरबॉक्स ऑटोमॅटिक हवा. त्यावर एक पोरगा म्हणाला, "ऑटोमॅटिक? ती काय गाडी झाली? मग स्कूटरच घ्या ना, आजोबा." सगळे हसले. कॅप्टनसाहेबही हसले, आणि तेच मला लागलं.

खोटं कशाला बोलू, पंचविशीत मीही हसलो असतो. एनडीएतून निघालेल्या पोराला जोंगाचा गिअर खडखडाट न करता टाकता येणं हीच मर्दुमकी वाटायची. पुढे ईएमईत गेलो, सिकंदराबादला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून टेबलावर मांडलेला पाहिला, तेव्हा माझं हसणं थांबलं.

पोरांना मी झोजी ला सांगितलं. १ नोव्हेंबर १९४८. साडेअकरा हजार फुटांवर, बर्फात, ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे खिंडीत घुसले. तिथे रणगाडा येईल हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. बालटालपासून वरची वाट मद्रास सॅपर्सनी केली होती, बेत जनरल थिमय्यांचा होता. हे आपल्या वाचकांना पाठ आहे. पण ते रणगाडे एम-५ जातीचे होते, म्हणजे आत कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिनं आणि प्रत्येकामागे एक हायड्रामॅटिक. तोच हायड्रामॅटिक, जो १९३९ साली ओल्ड्समोबिल गाडीत विकायला आला. थोडक्यात, ऑटोमॅटिक. झोजी ला सर करणाऱ्या ड्रायव्हरच्या डाव्या पायाला क्लच नव्हता. त्याला म्हणा आता, "स्कूटर घे."

आणि ज्या अमेरिकन मसल कारची पोस्टरं ही पोरं भिंतीवर लावतात, त्या तरी कुठे फक्त दांडीच्या होत्या? क्रायस्लरचं ४२६ हेमी इंजिन टॉर्कफ्लाइट ७२७ बरोबर मिळायचं. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ ला टर्बो हायड्रामॅटिक ४०० घेता यायचा. सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत लोक हे गिअरबॉक्स मुद्दाम निवडत, कारण टॉर्क कन्व्हर्टर सुटतानाच टॉर्क वाढवून देतो आणि गिअर बदलताना ताकद तुटत नाही.

ही झाली एका टोकाची मंडळी. दुसऱ्या टोकाची मंडळीही मला तितकीच खुपतात. "ऑटोमॅटिक टाकायचाच तर पाचशे घोडे पेलणारा टाका," असं एका वर्कशॉपवाल्याने कॅप्टनसाहेबांना सांगितलं. कशाला? कॉन्टेसाच्या ब्रेकना आणि मागच्या ॲक्सलला विचारलं का? जड गिअरबॉक्स स्वतःच ताकद खातो, आणि साध्या इंजिनामागे तो लावणं म्हणजे पोस्टकार्ड पोचवायला तीन टनी गाडी काढणं. गिअरबॉक्स घोड्यांवर निवडायचा नसतो. टॉर्क किती, गाडीचं वजन किती, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर काय आणि चालवणार कोण, हे बघायचं.

आकड्यांत सांगतो. अमेरिकेत जुन्या शेवरोलेत नवं इंजिन बसवणारे बहुधा दोन नावांशी घुटमळतात, टीएच-३५० आणि ७००आर४. पहिल्याला तीन गिअर : २.५२, १.५२, १.००. साधा आणि स्वस्त, कॉम्प्युटर लागत नाही. दुसऱ्याला चार : ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. समजा मागचं गुणोत्तर ३.७३ आहे आणि टायरची उंची २६ इंच. ताशी १०० किलोमीटरला पहिल्यात इंजिन सुमारे ३००० वर फिरतं, दुसऱ्यात २१०० वर. रायपूरहून नागपूरला जाऊन यायचं असेल तर हे नऊशे फेरे तुमचे कान आणि पेट्रोल ठरवतात. पण ७००आर४ ला थ्रॉटलपासून एक केबल जाते. ती नीट लावली नाही तर आतलं तेलाचं दडपण पडतं आणि क्लचच्या चकत्या जळतात. मग लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात. केबल लावणारा हात आपलाच होता, हे कोणी बोलत नाही.

याहून मोठा शत्रू उष्णता. ऑटोमॅटिक मरतो तो बहुतेक वेळा तेल भाजल्याने. शर्यतवाला कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन बरंच फिरल्यावरच नीट पकडणारा, शहरात घातलात तर तो घसरत राहतो आणि ते घसरणं तेलात उष्णता होऊन उतरतं. रायपूरच्या मे महिन्यात, सदर बाजारच्या गर्दीत, हा हट्ट परवडत नाही. गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर हवाच. याबाबत मी वाद घालत नाही.

आपल्याकडे माझा सल्ला याहून सोपा आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांचा कॉम्प्युटर एकाच गाडीतून घ्या. कॉन्टेसा मागच्या चाकांवर चालते, तेव्हा देणारी गाडीही तशीच हवी. उदाहरणार्थ इनोव्हा क्रिस्टाचं २.७ लिटर पेट्रोल इंजिन आणि त्याचाच सहा गिअरचा ऑटोमॅटिक. एका देशाचं इंजिन, दुसऱ्या देशाचा गिअरबॉक्स आणि मध्ये गल्लीतल्या लेथवर कापलेली प्लेट, ही सोयरीक फार दिवस टिकत नाही.

दांडीवाल्यांची एक गोष्ट मात्र खरी. साधा गिअरबॉक्स रायपूरचा कुठलाही उस्ताद डोळे मिटून उघडतो. ऑटोमॅटिक उघडणारा शोधावा लागतो, आणि खर्च ऐकून घसा कोरडा पडतो. कॅप्टनसाहेबांना पैशाचा प्रश्न आहे. पण ज्याच्याकडे क्लच दाबायला पाय नाही त्याला स्वस्त पर्याय सुचवणं म्हणजे बाबा, तू घरी बस, असंच सांगणं.

पोरांनी पाना उचलण्याआधी मी कागद मागितले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. इंजिन बदलणं हा नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीचा विषय आहे, "नंतर बघू" म्हणायचा नाही. मात्र २०१९ च्याच दुरुस्तीने त्या कलमात दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेण्याची वेगळी वाट ठेवली आहे. हे त्या वर्कशॉपवाल्याला ठाऊकच नव्हतं.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "साहेब, परवानगी मिळाली नाही तर?"

"तर जुनंच इंजिन बांधून घेऊ, आणि डाव्या पायापुरता अर्ज लढवू."

अर्ज मी मराठीत सांगितला, त्यांनी हिंदीत लिहिला. परवा नातवाला गाडीखाली घालून गिअरबॉक्सच्या बोगद्याची मापं घ्यायला लावली. तो टेप धरून आकडे सांगत होता, आजोबा खुर्चीवर बसून वहीत उतरवत होते. पहिलंच माप चुकलं, एक्झॉस्टचा पाइप मध्ये येतोय हे त्याने धरलंच नव्हतं. आजोबांनी ते खोडलं आणि म्हणाले, "फिर से."