मधमाशी डसली तर चुना शोधू नका, घड्याळ बघा



सोलापूरचे ऊन तापू लागले की रसवंतीच्या गाड्यावर माणसांइतक्याच मधमाश्या जमतात. पोर रस प्यायला जाते आणि हात धरून रडत घरी येते. मग शेजारच्या बाया गोळा होतात. एकजण तंबाखूच्या डबीतला चुना लावते, दुसरी लोखंडी किल्ली घासते, तिसरी ओली माती थापते. कोणी म्हणते, अमक्याला विष उतरवता येते, त्याच्याकडे न्या. बहुतेक वेळा पोर बरे होते आणि श्रेय चुन्याला किंवा मंत्राला मिळते. खरे तर ते आपोआपच बरे होणार होते. पण शंभरात एखाद्याच्या अंगाला हे विष सोसत नाही. त्याचा मात्र या धावपळीत मोलाचा वेळ जातो.

मधमाशीची नांगी करवतीसारखी दातेरी असते. ती कातडीत अडकून तुटते आणि माशी मरते. नांगीला विषाची बारीक पिशवी असते. माशी गेल्यावरही ती जवळजवळ मिनिटभर विष आत ढकलत राहते. म्हणून पहिले काम नांगी काढण्याचे. नखाने खरवडा किंवा चिमटीने उपटा, कसेही काढा, पण लगेच काढा. गांधीलमाशी नांगी मागे ठेवत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते.

नांगी काढता काढता त्या जागेपासून दूर व्हा. डसलेल्या ठिकाणी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. त्या वासाने बाकीच्या माश्या धावून येतात.

मग जखम साबण-पाण्याने धुवा. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरा. बर्फ नसेल तर थंड पाण्याची पट्टी चालेल. हाताला डसली असेल तर सूज चढण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते, खाज सुटली तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. सूज दोन दिवस वाढते आणि मग हळूहळू उतरते. तेवढ्याने घाबरू नये. चुना, रॉकेल, शेण, माती यांतले काही लावू नये. त्याने कातडी भाजते किंवा जखम चिघळते.

आता घड्याळाकडे बघा. पुढचा एक तास त्या माणसाला एकटे सोडू नका. नुसती डसलेली जागा पाहू नका, सगळे अंग पाहा. अंगभर गांधी उठल्या, ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, आवाज बसला, दम लागला, उलट्या-जुलाब झाले, चक्कर आली, यांतले काहीही दिसले तर ते विष न सोसल्याचे लक्षण समजा. ताबडतोब १०८ ला फोन लावा. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करा. दम लागत असेल तर बसते ठेवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध गेली असेल तर कुशीवर करा. त्याला उभे करू नका, चालवू नका. यावर खरे औषध एकच आहे, अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन. ते मांडीत देतात. गोळी घेऊन वाट पाहत बसू नये. गावात असाल तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, शहरात असाल तर सिव्हिल हॉस्पिटल. बरे वाटले तरी लगेच घरी येऊ नका. काही तासांनी त्रास उलटू शकतो.

तोंडात, घशात किंवा डोळ्याला डसली तर वाट न पाहता दवाखान्यात जावे. रसाच्या पेल्यात माशी पडलेली असते, म्हणून पेला पाहून तोंडाला लावावा. एकाच वेळी पुष्कळ माश्या डसल्या असतील तर माणूस धडधाकट दिसला तरी त्याला दाखवा. विष जास्त झाले की मूत्रपिंडावर परिणाम होतो. लघवी कमी झाली किंवा काळसर झाली तर तो धोका ओळखावा. लहान मुलांना थोड्या माश्यांचेही विष जास्त होते.

आपण सहलीला लेणी पाहायला जातो. अजिंठा असो की जुन्नर, लेण्यांच्या कड्याला आग्या मोहोळे लटकलेली असतात. मार्च २०२५ मध्ये, जिथे बौद्ध लेणीही आहेत त्या शिवनेरीवर, मधमाश्यांच्या हल्ल्यात अनेकजण जखमी झाले. मोहोळाखाली चूल पेटवू नका, धूर करू नका. मुलांना दगड मारू देऊ नका. माश्या उठल्या तर हात झटकू नका. ओढणीने किंवा पदराने तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोली किंवा गाडी गाठा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घोंगावत थांबतात.

मोहोळ दिसले की जाळायचे, हेही बरे नव्हे. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबाला आणि सूर्यफुलाला मधमाशीच फळ धरवते. भगवान बुद्धांनी गावात वावरणाऱ्या मुनीला मधमाशीची उपमा दिली आहे. ती फुलाला इजा न करता मध घेते. आपण तिला छेडले नाही तर ती सहसा आपल्या वाटेला जात नाही.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली, ती बुद्धीने वागण्यासाठी. म्हणून घरातल्या भिंतीवर १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि तो पोरांनाही पाठ करायला लावा. मांत्रिकाचा पत्ता कोणी विचारला, तर त्याला तो आकडा दाखवा.

जयभीम, नमो बुद्धाय.