शेजारधर्म आणि गोंगाट

लग्नाची वरात किंवा विसर्जनाची मिरवणूक निघाली, म्हणजे गोंगाटाविरुद्ध चार दिवस ओरड होते. परंतु एरवीं भिंतीपलीकडून येणाऱ्या घरगुती गोंगाटाबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाहीं. रात्रीं अकरानंतरही मोठ्यानें चाललेला टीव्ही, गच्चीवरील वाढदिवसाचा ध्वनिवर्धक, पहांटेपासून लावलेलीं गाणीं, ह्यांनीं परीक्षार्थ्याचा अभ्यास बुडतो आणि आजाऱ्याची झोप मोडते. मग हें निमूटपणें कां सोसलें जातें?

कायदा नाहीं म्हणून, असें म्हणतां येत नाहीं. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. परंतु कायदा बहुधा तक्रारीवांचून हलत नाहीं. आणि ज्याच्याकडे उद्यां विरजण मागावयाचें, त्याच्याच दारीं पोलीस कोण धाडील? ही भीड वाईट नव्हे. शेजारधर्म तिच्यावरच उभा आहे. मात्र ती एकाच बाजूनें पाळली जाते, हा अन्याय होय. आवाज करणाऱ्यास भीड नाहीं, आणि झोप गमावणारा भिडेनें गप्प!

ह्यावर उपाय एकच: तंटा होण्यापूर्वींच सर्वांनीं मिळून सर्वांसाठीं नियम करावा. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें सन २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजूं लागला, कीं दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याची वहिवाट पडली. हेतु मुलांच्या अभ्यासाचा होता, आणि त्यासाठीं घरोघर जाऊन समजूत घालावी लागली. भोंगा कोणा एकाचें नांव घेत नाहीं, म्हणून कोणास अपमानही वाटत नाहीं; हेंच त्यांतील मर्म.

ह्यानें सणांचा आनंद जाईल, हा आक्षेप पोकळ आहे. सणांकरितां वर्षांत १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याची मुभा नियमांतच आहे. उरलेल्या साडेतीनशे रात्रींचें काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सन १९३६ मध्यें सेवाग्रामीं राहावयास आलेले महात्मा गांधी दर सोमवारीं मौन पाळीत. त्या वर्धा जिल्ह्यास शांततेचा धडा सांगलीहून आणावा लागूं नये. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव येथील प्रत्येक मोहल्ल्यानें एकत्र बसून शांततेची वेळ ठरवावी. आणि ज्याचें घर मोहल्ल्यांत मोठें, त्यानें आपला आवाज प्रथम लहान करावा.