फिरणारे चित्र आणि विचारणारे मूल

मुलांना शिकविणारे खेळणे घ्यायचे म्हटले की आपण आधी खिसा चाचपतो. पण एक खेळणे जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातूनही होते. त्याचे नाव थॉमट्रोप. लंडनचे डॉक्टर जॉन आयर्टन पॅरिस यांनी ते १८२५ साली लोकांपुढे आणले.

पुठ्ठ्याची गोल चकती कापा. एका बाजूला पक्षी काढा. चकती वरून खाली उलटून मागच्या बाजूला पिंजरा काढा. म्हणजे तो पक्ष्याच्या मानाने उलटा राहील. डाव्या-उजव्या कडांना भोके पाडून दोरा ओवा, पीळ द्या आणि दोरा ताणा. चकती गरगर फिरते आणि पक्षी पिंजऱ्यात बसलेला दिसतो!

मूल म्हणेल, जादू! तिथेच थांबू नका. चकती हळू फिरवायला सांगा. पक्षी आणि पिंजरा वेगळे होतात. पाहिलेले चित्र नजरेतून लगेच पुसले जात नाही. तेवढ्यात दुसरे येते आणि दोन्ही एक भासतात.

पुढे लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला मायकेल फॅरेडे याने १८३१ साली फिरत्या चाकांचे दृष्टिभ्रम तपासले. १८३२च्या सुमारास बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटोने फटींची चकती आरशासमोर फिरवून चित्रे हलविली. १८३४ साली इंग्लंडच्या विल्यम हॉर्नरने फिरता डबा सुचविला. तोच पुढे झोएट्रोप या नावाने घरोघर शोभेला गेला. फ्रान्सच्या एमिल रेनॉने १८७७ साली फटींऐवजी आरसे बसविले आणि १८९२ साली पॅरिसमध्ये हलती चित्रे पडद्यावर दाखविली. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत आला तो ७ जुलै १८९६ रोजी.

मोठ्या मुलांनी झोएट्रोप करावा. पुठ्ठ्याच्या गोल डब्याला वरच्या अर्ध्या भागात समान अंतरावर १२ उभ्या फटी पाडा. उसळत्या चेंडूची १२ चित्रे कागदी पट्टीवर काढून आत लावा. डबा फिरवून फटींतून पाहा. चेंडू जागीच उसळतो. चित्रे १३ केली तर तो उसळता उसळता सरकू लागतो. का? मुलालाच शोधू द्या. फटींवरून पाहिले तर सगळे फरकटलेले दिसते, हेही पाहू द्या.

डब्याला रंगीत कागद लावून तो फळीवर ठेवा. घराला शोभा येईल. पाहुण्यांची मुले विचारतील आणि आपले मूल समजावून सांगेल. चमत्कार पाहून जे मूल कारण विचारते, त्याला उद्या कोणी सहज फसवू शकत नाही. पुठ्ठा, दोरा आणि रविवारची एक दुपार, एवढाच खर्च आहे.